आधी घड्याळजी, मग घड्याळ : बेळगाव भागात राहून पहिलं जुनं किमती घड्याळ कसं घ्यावं

गेल्या श्रावणात भाच्याचा पुण्याहून फोन आला. "मामा, ओमेगा मिळालंय, अठरा हजारात. डायल बघा कसली चकाकतीय. घेऊन सोडू काय?"

फोटो बघितला आणि त्याला म्हटलं, "थांब की रे जरा. घड्याळ साठ वर्षांचं आणि डायल कालच रंगवल्यासारखी, हे कसं जमतंय?"

त्यानं ते घेतलं नाही. पुढं चार महिने आम्ही दोघांनी मिळून शोध घेतला आणि दिवाळीनंतर त्याच्या मनगटाला चांगलं घड्याळ लागलं. त्या चार महिन्यांत त्याला जे फोनवर सांगत होतो, तेच इथं सविस्तर लिहितो आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात राहणाऱ्यांना काही गोष्टी वेगळ्या पडतात. आपल्याकडं जुन्या घड्याळांचे लिलाव होत नाहीत आणि जुन्या स्विस घड्याळांचा मोठा व्यापारीही जवळ नाही. पण घरोघरच्या ट्रंकांत आणि कपाटांत घड्याळं आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, त्यामुळं फौजेतून निवृत्त झालेल्यांची घरं इथं पुष्कळ. मुंबईच्या गिरण्यांत आयुष्य काढून गावी परतलेली माणसं प्रत्येक गावात होती. आणि १९६१ पर्यंत गोव्यात पोर्तुगीज सत्ता असल्यामुळं परदेशी माल चोर्ला घाटाच्या अलीकडं कसा यायचा, हे जुन्या माणसांकडून आपण सगळ्यांनीच ऐकलंय.

घड्याळजी आधी शोधा

बहुतेक जण आधी घड्याळ घेतात आणि ते बंद पडलं की दुरुस्त करणारा शोधत फिरतात. मी उलटं सांगतो. चांगला घड्याळजी सापडेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका.

कारण असं. जुन्या घड्याळाचं मशीन म्हणजे शंभराहून अधिक बारीक भाग. तेल सुकलं की पोलाद पितळेवर घासतं, आणि झिजलेला भाग आज कंपनीकडून सहज मिळत नाही. ओमेगा ज्या स्वॉच ग्रुपची आहे तो ग्रुप, आणि रोलेक्ससुद्धा, स्वतंत्र कारागिरांना सुटे भाग सहजासहजी देत नाहीत. म्हणजे तुमच्या घड्याळजीकडं जुन्या भागांचा साठा आहे का, किंवा तो कुठून मिळवू शकतो, यावर तुमच्या घड्याळाचं आयुष्य ठरतं.

बेळगावात खडेबाजार, गणपत गल्ली, कॅम्प या भागांत जुनी दुकानं आहेत. तिथं सेल बदलणारे पुष्कळ भेटतील. चावीचं घड्याळ पूर्ण उघडून, धुऊन, तेल देऊन परत बसवणारे हात कमी आहेत आणि ते बहुतेक साठीच्या पुढचे आहेत. दुकानात गेल्यावर काउंटरवर घड्याळ न ठेवता थोडा वेळ नुसतं बघत उभं राहा. मागचं झाकण उघडताना चाकूचं टोक घालतात की त्यासाठीची वेगळी चावी वापरतात? मशीनला बोटं लावतात की चिमट्यानं धरतात? धुण्यासाठी मशीन पूर्ण सुटं करतात की आहे तसं पेट्रोलमध्ये बुडवून वर तेलाचा थेंब सोडतात? ही दुसरी पद्धत आपल्याकडं फार रुळलेली आहे. घड्याळ त्यानं चालतंही, पण जुना मळ आतच राहतो आणि नव्या तेलात मिसळून वाळूच्या कागदासारखा काम करतो. नीट करणारा माणूस घट्ट जागी ग्रीस, वेगानं फिरणाऱ्या जागी पातळ तेल, असं वेगवेगळं वंगण वापरतो. नम्रपणे विचारा, "काका, किती तऱ्हेचं तेल ठेवता?" उत्तरात माणूस कळतो.

परीक्षा घ्यायची असेल तर एचएमटीचं जनता द्या. बेंगळूरच्या एचएमटी कारखान्यात १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं घड्याळं बनू लागली आणि जनता हे त्यातलं घराघरांत पोचलेलं चावीचं घड्याळ. घरात एक तरी पडून असेलच. ते सर्व्हिसला द्या आणि काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागा. महिनाभर रोज ठरावीक वेळी चावी देऊन वहीत वेळ लिहा. चोवीस तासांत अर्ध्या मिनिटाच्या आत फरक आणि झाकणावर नवा ओरखडा नाही, तर हा माणूस तुमचा. मग त्याला विचारा, "मला पहिलं भारी घड्याळ घ्यायचंय, कुठलं मशीन तुमच्या हातातलं आहे?" तो जे नाव सांगेल त्याच्या बाहेर पहिल्या वेळी जाऊ नका. आमच्या घड्याळजी काकांनी भाच्याला सांगितलं, "ओमेगाचं पाचशे-बावन्न आण, नाहीतर पाचशे-पासष्ट आण. दुसरं काही आणलंस तर मी बघणार नाही." आमची खरेदी तिथंच निम्मी झाली.

कुठलं घड्याळ

पहिल्या खरेदीसाठी माझं मत ठाम आहे : १९५० ते १९७० च्या दरम्यानचं, स्टीलच्या केसचं (म्हणजे बाहेरच्या कवचाचं), साधं तीन काट्यांचं ओमेगा सीमास्टर. सीमास्टर ही मालिका १९४८ ला सुरू झाली. त्यातली पाचशेच्या घरातली ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारी) मशीनं, म्हणजे तारखेशिवायचं ५५२ आणि तारखेचं ५६५, भक्कम आहेत, आणि खूप बनल्यामुळं जुने सुटे भाग अजून मिळतात. चावीचंच हवं असेल तर ओमेगाची ३० मिलिमीटरची मशीनं, जी १९३९ पासून १९६३ पर्यंत बनली, ती घ्या. २६५, २६७, २८६ हे त्या घराण्यातले आकडे. चाळीस-पन्नासच्या दशकातलं हातोड्यासारखं मागं-पुढं आपटणारं ऑटोमॅटिक मशीन पहिल्या वेळी टाळा. हातात धरल्यावर त्याची ठकठक फार गोड लागते, पण दुरुस्तीला ते अवघड.

रोलेक्सचं आकर्षण मी समजू शकतो. जुनं चावीचं ऑयस्टरडेट प्रिसिजन, क्रमांक ६६९४, हा त्यातला तुलनेनं परवडणारा रस्ता. पण बनावट माल सगळ्यात जास्त रोलेक्सचाच असतो. तुडोर हा मधला मार्ग आहे. रोलेक्सनंच काढलेली ही कंपनी. तिच्या जुन्या घड्याळांत केस रोलेक्सच्या पाणीरोधक ऑयस्टर बनावटीची आणि मशीन बहुधा बाहेरून घेतलेलं, म्हणून दुरुस्ती सोपी.

आता आपल्या घरातल्या दोन नावांविषयी. वेस्ट एंड वॉच कंपनीची सोवार घड्याळं ब्रिटिश काळातल्या भारतीय सैन्यात नावाजलेली होती आणि फौजी घरांत अजून निघतात. धक्क्यापासून वाचवणारी इंकाब्लॉक ही रचना १९३४ मध्ये त्यांच्याच सोवार प्रायमात पहिल्यांदा बसली. फावर-ल्युबा तर आपल्याकडं 'फेवर लुबा' म्हणूनच ओळखतात. मूळ १७३७ ची ही स्विस कंपनी १८६५ पासून मुंबईत व्यापार करत होती. सी-चीफ आणि सी-किंग मागच्या पिढीच्या लग्नांत जावयाला दिली जायची. ही घड्याळं ओमेगा-रोलेक्सच्या किमतीची नाहीत, पण आजोबांचं सी-चीफ ट्रंकेत असेल तर मी म्हणेन, आधी ते दुरुस्त करा. मशीन ओळखायला, डायल वाचायला शिकायची याहून चांगली शाळा नाही. आणि कदाचित त्यानंतर तुम्हाला दुसरं घ्यावंसंच वाटणार नाही.

पैशांचं म्हणाल तर मूळ डायलचं, चालू स्थितीतलं साठच्या दशकातलं स्टीलचं सीमास्टर आज साधारण पाऊण लाख ते दीड लाखाच्या घरात पडतं. रोलेक्स ऑयस्टरडेट त्याच्या वर जातं. तुमची मर्यादा एक लाख असेल तर घड्याळ ऐंशी हजाराचंच बघा. उरलेले सर्व्हिस, काच, पट्टा आणि अचानक निघणाऱ्या एखाद्या भागासाठी. विकणारा "परवाच सर्व्हिस केलीय" म्हणाला तरी हे पैसे बाजूला ठेवा.

डायल : इथं घाई केलीत तर सगळं गेलं

वीस वर्षांपूर्वी मी पहिलं ओमेगा घेतलं, एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याकडून. काळी कुळकुळीत डायल, सोनेरी आकडे, बघताक्षणी जीव जडला. गावी आणलं आणि काकांसमोर ठेवलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि मिनिटाच्या आत काढलं. "मशीन ओमेगाचं आहे. केस दुसऱ्या ओमेगाची आहे. डायल मुंबईत रंगवलेली आहे." व्यापाऱ्यानं परत घ्यायला नकार दिला. साडेतीन महिन्यांचा पगार होता तो. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि या लेखात डायलवर मी इतका वेळ का घालवतो आहे, त्याचं कारण तेच.

आपल्या देशात जुन्या घड्याळांच्या डायली पुन्हा रंगवण्याचा मोठा धंदा आहे. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणून ओळखतात. रंगवलेली डायल म्हणजे घड्याळाची किंमत निम्म्याहून खाली. कारण साधं आहे : मशीन दुरुस्त होतं, काच बदलता येते, पण मूळ डायल एकदा खरवडली की परत कधीच येत नाही.

ओळखायचं असं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, स्टेशनरीच्या दुकानातलं नको, सराफ वापरतात तसलं. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बघा. मूळ डायलवरची अक्षरं कडांना धारदार असतात आणि शाईला किंचित उंची असते. रंगवलेल्या डायलवर अक्षरांच्या कडा फुटलेल्या, रेषा कुठं जाड कुठं बारीक. 'सीमास्टर' शब्दातल्या पहिल्या इंग्रजी एस अक्षराचं वळण मूळ फोटोशी ताडून बघा, रंगवणाऱ्याचा हात तिथं हमखास चुकतो. मिनिटांच्या रेषा तासाच्या खुणांच्या बरोबर मध्यावर येतात का? उभारलेल्या धातूच्या खुणा असतील तर त्यांच्या पायथ्याशी रंग साचलाय का? मूळ कारखान्यात आधी डायल रंगते, मग खुणा बसतात, म्हणून पायथा स्वच्छ असतो. सहाच्या खाली 'स्विस मेड' आहे का, आणि ते मूळ फोटोत आहे तिथंच आहे का? रंगवणारे ते पुष्कळदा गाळतात किंवा वर सरकवतात.

चमकणारा रंग म्हणजे ल्यूम हा तर पुरावाच आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडियम वापरत, नंतर ट्रिटियम. ट्रिटियमच्या डायलवर सहाच्या खाली 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी अक्षर येतं. १९५५ सालचं म्हणून विकायला आलेल्या घड्याळावर ही टी दिसली तर डायल नंतरची आहे. ट्रिटियमचं अर्धं आयुष्य साधारण बारा वर्षांचं. म्हणजे १९६५ सालचा ल्यूम आज जवळजवळ मेलेला असतो. टॉर्च मारून दिवा बंद केल्यावर तो हिरवागार बराच वेळ चमकत राहिला, तर ल्यूम नवा भरलेला. काट्यांतला आणि डायलवरचा ल्यूम एकाच रंगाचा म्हातारा झालेला हवा. काटे पांढरे आणि डायल मधाच्या रंगाची असेल तर काटे बदललेले.

रेडियम असलेलं घड्याळ घ्यायला हरकत नाही, पण ते घरी उघडू नका आणि ल्यूम खरवडू नका. रेडियमचं अर्धं आयुष्य १६०० वर्षांचं आहे. न चमकणारा पिवळट रंगसुद्धा किरणोत्सारी असतो, आणि त्याची धूळ श्वासात जाणं हा खरा धोका. ही गोष्ट घड्याळजीलाही आठवणीनं सांगा.

आणि डायल स्वच्छ असावी, असा हट्ट धरू नका. सगळीकडं एकसारखा आलेला मधाळ रंग हे वयाचं लक्षण आहे. लॅकरखाली, म्हणजे डायलच्या वरच्या पारदर्शक थराखाली, बुरशीसारखे ठिपके, सहाच्या बाजूनं आत शिरलेलं काळं वर्तुळ, ही पाण्याची लक्षणं. माझा अनुभव असा, की खानापूर-जांबोटीच्या पावसात आयुष्य गेलेली घड्याळं आणि अथणीकडच्या कोरड्या हवेतली घड्याळं डायलवरूनच वेगळी कळतात. म्हणून घड्याळ कुठं राहिलं, कुणी वापरलं, हे विकणाऱ्याला जरूर विचारा.

केस, चावी, चेन

स्टीलच्या केसला पट्ट्याच्या कानांपाशी कडा असतात. वारंवार पॉलिश केलेल्या केसच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. अशी केस टाळा. बारीक ओरखडे चालतील, ते वापराचे आहेत. आणि घेतल्यावर स्वतःही पॉलिश करून घेऊ नका.

ओमेगाच्या मूळ काचेच्या बरोबर मध्यभागी सुईच्या टोकाएवढी ओमेगाची खूण कोरलेली असते, भिंगानं दिसते. नसली तर काच बदललेली, एवढंच. त्यासाठी सौदा मोडू नका, भाव कमी करा. चावीच्या डोक्यावरची खूण, चेनच्या टोकांवरचे क्रमांक, हेही तसंच.

सोन्याच्या केसबद्दल फसवणूक जास्त होते. अठरा कॅरेटच्या जुन्या स्विस केसवर हेल्वेटिया या स्त्रीच्या डोक्याचा ठसा असतो, चौदा कॅरेटवर खारीचा. १९९५ नंतर सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. '२० मायक्रॉन' लिहिलं असेल तर तो मुलामा आहे, सोनं नाही. शंका असल्यास बेळगावातल्या शहापूरच्या सराफांकडं न्या, पण कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. किरणांनी तपासणारं मशीन आता पुष्कळ सराफांकडं आहे, त्यात ठेवायला सांगा.

झाकण उघडल्याशिवाय पैसे नाहीत

"उघडलं तर पाणी शिरेल", "सील तुटेल", असं सांगणाऱ्याकडून घेऊ नका. साठ वर्षांच्या घड्याळाचं सील आधीच गेलेलं आहे.

आत तीन गोष्टी एकमेकांशी जुळल्या पाहिजेत : झाकणाच्या आतला मॉडेल क्रमांक, मशीनवरचा कॅलिबर क्रमांक (म्हणजे मशीनचा प्रकार, जसं ५५२) आणि मशीनवरचा सिरियल क्रमांक. साठच्या दशकातल्या ओमेगात मॉडेल क्रमांक १६६.०१० असा असतो. पहिला एक म्हणजे पुरुषांचं, सहा म्हणजे मधल्या सेकंदाचं ऑटोमॅटिक, पुढचा सहा म्हणजे पाणीरोधक आणि तारखेचं. आता १६६ ने सुरू होणाऱ्या झाकणाखाली चावीचं मशीन निघालं, तर दोन घड्याळं एकत्र केलेली आहेत, हे कुणी सांगायची गरज उरत नाही. १३५ ने सुरू होणारं असेल तर ते चावीचं, पाणीरोधक, बिनतारखेचं.

सिरियल क्रमांकावरून साल अंदाजानं कळतं. ओमेगाचा एक कोटी हा आकडा १९४४ च्या सुमारास आला आणि दोन कोटी १९६३ च्या सुमारास. रोलेक्सचे क्रमांक केसवर, पट्ट्याच्या कानांच्या मध्ये : बाराच्या बाजूला मॉडेल, सहाच्या बाजूला सिरियल. ते बघायला चेन काढावी लागते. काढू द्यायला नकार मिळाला तर उठून या.

त्या काळातल्या ओमेगा मशीनला तांब्यासारखा लालसर मुलामा असतो. तो एकसारखा आहे का, स्क्रूंच्या खाचा फाटल्या आहेत का, कुठं गंज आहे का, बघा. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं कोरलेली बारीक अक्षरं दिसतील. सर्व्हिस करताना घड्याळजी स्वतःची खूण आणि तारीख तिथं घालत आलेत. कधी कधी पन्नास वर्षांचा इतिहास तिथं सापडतो. मला ती खरवड दिसली की आनंद होतो, कारण कुणीतरी ते घड्याळ जपलं होतं.

घड्याळाचे ठोके मोजणारं टाइमग्राफर मशीन घड्याळजीकडं असेल तर पूर्ण चावी देऊन त्यावर ठेवा. ओमेगाच्या पाचशेच्या मालिकेसाठी लिफ्ट अँगल, म्हणजे त्या मशीनसाठी टाइमग्राफरला सांगायचा कोन, ४९ लावा. नेहमीच्या ५२ वर ठेवलं तर आकडे खोटे चांगले दिसतात. डायल वर करून ठेवल्यावर बॅलन्स व्हील (मागं-पुढं डुलणारं चाक) २७० अंशांच्या आसपास फिरत असेल तर उत्तम, २२० च्या खाली असेल तर सर्व्हिस हवीच. बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉक यांच्यातला असमानपणा, एक मिलिसेकंदाच्या आत. दिवसाला वीस-तीस सेकंदांचा फरक जुन्या घड्याळाला माफ. हे मशीन नसेल तर मोबाइलवरची ॲप आवाजावरून फरक दाखवतात, अंदाजाला तेवढं पुरतं.

मोठ्या लिलावाचा शिक्का असला म्हणजे निश्चिंत, असंही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावसंस्थेच्या लिलावात १९५७ सालचं म्हणून आलेलं एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेलं. घेणारी स्वतः ओमेगा, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये उघड झालं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेलं होतं, आणि कंपनीनं स्वतःच्याच माजी कर्मचाऱ्यांकडं बोट दाखवलं. त्या जगातही हे घडतं, तर मुंबईच्या चोर बाजारात झाकण उघडून बघायला लाजायचं कारण नाही.

कुठं शोधायचं, कसं विचारायचं

सगळ्यात चांगली घड्याळं मला ओळखीच्या घरांतून मिळाली. निपाणीतल्या एका तंबाखूच्या जुन्या पेढीच्या घरात, एका निवृत्त सुभेदारांच्या मुलाकडं. अशा ठिकाणी एक गोष्ट पाळा. समोर आजी बसलेल्या असतात, आजोबांचं घड्याळ त्यांना नुसतं 'जुनं' वाटतं आणि त्या पाच हजारांत द्यायला तयार असतात. त्यांना खरा भाव सांगा. "आजी, याला बाजारात साठ-सत्तर हजार येतील. मला पंचावन्न परवडतात. नातवंडांना विचारून मग सांगा." आपली गावं लहान आहेत, आणि आजोबांची आठवण आपण पाच हजारांत उचलून आणली, हे मनगटावर रोज घेऊन फिरवणार नाही. शिवाय, भाव खरा सांगितल्यावर त्याच आजींनी मला शेजारच्या घरातलं वेस्ट एंड दाखवलं.

इंटरनेटवर घेताना तीन फोटो मागा : सूर्यप्रकाशात डायलचा समोरून, झाकणाच्या आतल्या बाजूचा आणि मशीनचा, प्रत्येक फोटोत शेजारी आजचं वर्तमानपत्र. मग त्याच मॉडेलचे निदान वीस फोटो शोधून आठवडाभर ताडून बघा. मुंबई, पुण्याचा सौदा असेल तर शक्यतो स्वतः जा. कुरिअरनं जुनं घड्याळ मागवायला मला अजून धीर होत नाही.

पावती आणि कायदा

पावतीवर कंपनी, मॉडेल क्रमांक, कॅलिबर, सिरियल आणि "डायल मूळ आहे, रंगवलेली नाही" हे वाक्य लिहून घ्या. हे वाक्य लिहायला विकणारा कचरला तर उत्तर मिळालं. घरगुती व्यवहारातही साध्या कागदावर सही आणि ओळखपत्राची प्रत घ्या, चोरीचा माल निघाला तर तो कागदच तुम्हाला वाचवतो. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोखीनं घ्यायला आयकर कायद्यानं मनाई आहे, तेव्हा पैसे बँकेतूनच द्या. दहा लाखांवरच्या घड्याळावर विक्रेत्यानं एक टक्का कर गोळा करण्याचा नियम एप्रिल २०२५ पासून आला, पण पहिल्या घड्याळाला तिथवर जायचं कारण नाही.

सीमाभागातल्या माणसाला एक भीती असते : दुकान कोल्हापूरचं, मी कर्नाटकातला, भांडण झालं तर कुठं जायचं? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडं तक्रार करता येते. म्हणजे बेळगावात बसून पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्याविरुद्ध दाद मागता येते. माझ्या वेळी मला हे ठाऊक असतं तर ती काळी डायल मी मुकाट्यानं गिळली नसती. हा रस्ता व्यापाऱ्याविरुद्ध आहे, घरगुती विक्रेत्याविरुद्ध नाही, हे लक्षात ठेवा.

घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी मनगटावर न चढवता थेट घड्याळजीकडं. तेल सुकलेलं मशीन आठवडाभर मिरवलं तरी झीज होते. सर्व्हिसला देताना सांगा : डायलला, काट्यांना, केसला हात लावायचा नाही, फक्त मशीन. काढलेले भाग पुडीत परत. नंतर दर चार-पाच वर्षांनी सर्व्हिस.

चावीच्या घड्याळाला रोज सकाळी एकाच वेळी चावी द्या, हाताला अडल्यासारखं लागलं की थांबा. तारखेचं घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख हातानं बदलू नका, त्या वेळी आतले दात एकमेकांत अडकलेले असतात. स्पीकर, लॅपटॉप, मोबाइलच्या चुंबकी झाकणापासून लांब ठेवा. घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढं पळायला लागलं तर बहुधा चुंबकत्वच असतं, आणि ते घालवायला घड्याळजीला दोन मिनिटं लागतात.

पाऊस हा आपला मोठा शत्रू. जून ते सप्टेंबर बेळगावच्या हवेत कपाटातली चामड्याची चप्पलसुद्धा पांढरी होते. डायलवर 'वॉटरप्रूफ' लिहिलं असलं तरी जुन्या घड्याळाला पाण्याजवळ नेऊ नका. पावसाळ्यात मी ते घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो आणि दर पंधरवड्याला पुड्या बदलतो. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, तांदळाची पूड चावीच्या फटीतून आत जाते. काचेच्या आत वाफ दिसली तर चावी ओढून वेळ लावत बसू नका, त्याच दिवशी घड्याळजीकडं पोचवा. ओल्या मशीनला गंज चढायला दोन-तीन दिवस पुरतात.

भाच्याचं सीमास्टर आता काकांकडं दुसऱ्यांदा जाणार आहे. ऑटोमॅटिकचा रोटर, म्हणजे आतलं फिरतं वजन, थोडा घासतोय, असं त्याला वाटतंय. झाकणाच्या आत आधीच्या चार खुणा आहेत, सगळ्यात जुनी १९७१ ची. पाचवी काकांनी मागच्या दिवाळीनंतर सुईनं घातली.